यमुनाबाईच्या कोंबड्या अंडी का देईनात

"काऊन जी डाक्टर, सरकारनं आमाले कोंबड्या देल्या का बगळे?"

मी अजून सायकलवरून उतरलोही नव्हतो. दौलत ओट्यावर बसूनच विचारत होता. "सहा महिने झाले. खाऊन राह्यल्या, हागून राह्यल्या. अंड्याचा पत्ता नाई."

मी डॉक्टर नव्हतो. स्टॉकमन होतो, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण खेड्यात ज्याच्या पिशवीत सुई तो डॉक्टर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्याकडे अठ्ठावीस गावं होती आणि एक सायकल. तिचं सीट असं, की आजही मी खुर्चीवर बसण्याआधी तिची चौकशी करतो.

स्कीम सोपी होती. गावातल्या बायकांना पांढऱ्या विलायती कोंबडीची पिल्लं द्यायची. पाच-साडेपाच महिन्यांत ती अंड्यावर येतात. दौलतच्या बायकोनं, यमुनाबाईनं, नवरा नको म्हणत असताना फॉर्मवर अंगठा दिला होता. आता विहिरीवर बाया त्या कोंबड्यांना 'यमुनीच्या वांझ सुना' म्हणायच्या. ती ऐकायची आणि बादली भरून घरी यायची.

"करीले जावई येऊन राह्यला," दौलत म्हणाला. "तवरिक अंडं आलं तं ठीक. नाईतं एकेक करून रश्श्यात."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची कर. हातात चार आठवडे होते.

मी पिशवीतली सगळी विद्या काढली. आधी जंत. पोटात जंत असले की दाणा त्यांनाच जातो. औषध पाजलं. मग खाणं. ज्वारीच्या भरड्यावर कोंबडी जगते, अंडं बनवत नाही. म्हणून शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, सांगितली. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तुरे तसेच फिके. अंड्यावर येणाऱ्या कोंबडीचा तुरा लाल होतो. शिवाय शेपटीखालच्या दोन हाडांत बोटं बसवून पाहतात. दोन-तीन बसली तर अंडं जवळ आलं. इथे एक बोटही अंग चोरून बसत होतं.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. साहेबांनी फाइलीतून मान वर काढली नाही.

"शून्य लिहू नका."

"सर, अंडीच नाहीत."

"मग प्रगतिपथावर लिहा."

लिहिलं. अशा लिहिण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. पावसाळ्यापासूनचे सगळे व्हिजिट रिपोर्ट मी नालवाडीच्या टपरीवर चहा पीत भरले होते. 'पक्षी निरोगी' हे दोन शब्द मी इतक्यांदा लिहिले, की झोपेतही हात तेच गिरवायचा.

तिसऱ्या खेपेला अंगात त्राण नव्हतं. सकाळपासून दोन गायी आणि एक माजलेला बोकड झाला होता. यमुनाबाई दर वेळी कोंबड्या धरून अंगणात आणून दाखवायची. त्या दिवशी मी म्हटलं, "राहू द्या बाई, मीच येतो आत."

ती मला कोठ्यात घेऊन गेली, बैलांच्या मागे, पार कोपऱ्यात. भर दुपारी मला माझी पिशवी दिसेना. डोळे सरावले तेव्हा सहा पांढरे गोळे दिसले, मुक्यानं बसलेले.

"इथंच असतात?"

"आठ होत्या जी. पहिल्याच हप्त्यात घारीनं दोन नेल्या. आपली गावरान मातीत लपते. हे पांढरी, घारीले दोन कोसावरून दिसते. मंग मी यायले भाईर सोडनंच बंद केलं."

मी तिथेच शेणात उकिडवा बसलो. कोंबडीचं अंडं पोटात नाही, डोळ्यात सुरू होतं. डोळ्याला बारा-चौदा तास उजेड मिळाला की शरीराला हुकूम सुटतो. थंडीत दिवस आधीच लहान. या सहाजणींना तर जन्मभराची अमावास्या होती, आणि ती दिली होती जीव लावणाऱ्या बाईनं.

"बाई, यांना उजेड पायजे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे मीच का जी?"

मी म्हटलं, "थंडीचं असं होतंच."

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात तुरीच्या तुराट्यांचा मांडव घातला, घारीची नजर गेली तरी चोच जाऊ नये असा. पहाटे नि दिवेलागणीला कंदील. दहाव्या दिवशी एकीचा तुरा मिरचीसारखा लाल झाला. मी बोटं बसवली, दोन बसली.

"दौलतभाऊ, आठ-पंधरा दिवस अजून द्या. जावयाला दुसरं काही करा."

"जावई का तुरा खाईन?" दौलत म्हणाला.

करीच्या दिवशी मला सुट्टी होती. तरी गेलो. सायकल लावली तेव्हा ओट्यावर जावई बसला होता आणि दौलत खाली मान घालून सुरी धूत होता. यमुनाबाई चुलीशी ताट घेऊन बसली होती. ताटात पिवळ्या बलकांचा घोस होता, मोहरीएवढ्यापासून बोराएवढ्यापर्यंत. बाजूला कवचासकट एक आख्खं अंडं. दौलतनं धरताना मोठी पाहून ती लाल तुऱ्याचीच धरली होती.

"हे उद्या देल्लं असतं नं जी तिनं?"

"आजच," मी म्हणालो.

दौलतनं सुरी छपरात खोचली. जावयानं वरणभात खाल्ला आणि बरा झाला म्हणाला.

उरलेल्या पाचही त्याच महिन्यात अंड्यावर आल्या. पहिलं अंडं यमुनाबाईनं विहिरीवर नेऊन काठाच्या जगतीवर ठेवलं, पाणी भरलं, आणि अंडं उचलून घरी आली.

रिपोर्टात साहेबांनी 'स्कीम यशस्वी' लिहिलं. मेलेल्या पक्ष्यांच्या कॉलममध्ये तीनचा आकडा मी टाकला. कारण विचारलं होतं. तीनही घारीच्या नावावर लावल्या. घार काही खुलासा द्यायला येत नाही.

लोक अजून विचारतात, कोंबडी अंड्याला उशीर का करते? जंत, खाणं, जात, थंडी, सगळं सांगतो. पण आधी एक करा. कोंबडीला कोठ्याबाहेर काढा, आणि कोंबडी तपासायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोठ्यात घाला.