संडासाच्या दाराला कडी नव्हती

शेठने स्वतःची उष्टी खमणची प्लेट माझ्यापुढे सरकवली. "खा ले, लीडर." मी खाल्लं. त्याच्या बोटांनी चिवडलेला तुकडा. 

परमुलखात, उधन्यात, साड्यांचे धागे कापायच्या कारखान्यात आम्ही बायका कामाला. सगळ्या खानदेशातल्या. संडास एकच, आणि त्याच्या दाराला कडी नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. कारण सुपरवायझर मुद्दाम दार ढकलायचा आणि दात काढायचा. त्यात शेठने नवा नियम काढला. एका वेळी एकच बाई उठेल. स्वतः एसीत बसतो, आणि आम्हाला साधी कडी देववेना मेल्याला.

मीच बायकांना उठवलं. रविवारी आमच्या प्रार्थनेच्या खोलीत बायबल मी वाचते, त्यामुळे माझा शब्द चालायचा. मी म्हणाले, कडी लागेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. सगळ्यांनी कात्र्या खाली ठेवल्या.

शेठने मला आणि सुशीलाला केबिनमध्ये बोलावलं. सुशीला माझ्या शेजारी बसून धागे कापायची, रविवारी प्रार्थनेलाही यायची. शेठने मला विचारलं, "लीडर कौन है? तुम येशूवाले तो झूठ नहीं बोलते."

मी सुशीलाकडे बोट दाखवलं.

घरात कमावणारी मी एकटी. पण ते काही कारण नव्हे. सुशीलाला त्याने उभ्या उभ्या काढलं. माझ्याकडे बघून हसला. त्याला सगळं ठाऊक होतं. मग ती प्लेट आली.

बायका मुकाट कामावर बसल्या. माझी मलाच शिसारी आली.

रविवारी वाचायला नेमका पेत्राचा भाग आला. येशूला धरून नेल्यावर, मी त्या माणसाला ओळखत नाही, असं त्याचाच शिष्य पेत्र सांगतो, तिथे मी थांबले. सुशीला समोरच बसली होती.

"काब थांबनी वं? पुढलं वाच." ती म्हणाली.

मी पानं उलटली. पुढे मरणातून उठलेला प्रभू निखाऱ्यावर मासे भाजतो, त्याच पेत्राला जेवू घालतो आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, पुन्हा त्याच्याच हवाली करतो. वाचता वाचता मी रडले. ज्याने ओळख नाकारली त्याला हाकललं नाही, उलट कामाला लावलं. मग मी कशाला तोंड लपवून बसू? प्रार्थना झाल्यावर सुशीला चपला घालून तडक निघून गेली. तिचा राग खरा होता.

सोमवारी मी केबिनचं दार न वाजवता आत गेले. "लीडर मैं हूँ. सुशीला को वापस लो और कडी लगाओ."

"पगार तेरा येशू देगा?" शेठ म्हणाला. मलाही काढलं.

आता मी रोज कामाच्या वेळेला फाटकासमोर उभी राहते. सुशीलाही येते, अजून फारसं बोलत नाही. आत जाणाऱ्या बायका आमच्यापाशी थांबतात, आणि शेठ वरून बघतो.

पास्टर म्हणतात, शेठलाही क्षमा कर. करीन. आधी त्याने दाराला कडी लावावी.