तथास्तु नक्की कोणाला?

आधीच सांगून ठेवते — मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बग पुन्हा करून दाखवता आला नाही, तर आम्ही त्याला बग मानत नाही. भुतंखेतं, नजर, करणी... या विषयांवर नागपुरात मी भल्याभल्यांशी भांडलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आम्ही अमेरिकेत आयोवात, डी मॉइनला राहतो. आलो तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आता गणपतीला हॉल पुरत नाही. काल जिथे मक्याचं शेत होतं तिथे आज घरांच्या रांगा. जो तो नवं घर घेतोय, आणि आम्ही आपले अजून टाउनहाउसमध्येच.

रॅकून नदीकाठच्या एका घरावर माझा जीव जडला होता. विकाऊ घर बघायला खुलं ठेवतात, त्या ओपन हाउसला तीनदा गेले. किचनच्या खिडकीतून झाडांपलीकडे नदी दिसायची. ऑफर दिली, ती काही लागली नाही. पंधरा दिवसांनी केतकीचा फोन — "मृणाल, घर मिळालं गं आम्हाला! नदीकाठचं!"

तेच घर.

केतकी माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण, सांगलीची. आम्हीही त्याच घराच्या मागे होतो हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. "अय्या, मस्तच!" म्हणाले आणि फोन ठेवून बाथरूममध्ये रडले. लपवून काय करू, पोटात दुखलं. हिला सगळं कसं आयतं मिळतं? सासू गोड, नवरा भांडी घासणारा, हिच्या पोह्यांचासुद्धा कधी गोळा होत नाही!

वास्तुशांत मे महिन्यात होती, शनिवारी सकाळी. होम मांडला होता गॅरेजमध्ये, कारण घरात केला की स्मोक अलार्म बोंबलतो. गुरुजी पुण्याहून झूमवर, आयपॅड शिडीच्या पायरीवर टेकवलेला. सगळी मंडळी तिथेच. मला द्रोण आणायला किचनमागच्या कोठीत, पँट्रीत पाठवलं. ती पँट्री माझ्या अख्ख्या किचनएवढी. ओळीने डबे, प्रत्येकावर लेबल, वर तिच्या सुबक अक्षरात ‘भाजणी’, ‘मेतकूट’. माझं डोकंच फिरलं. तोंडातून निघून गेलं, "नाही लाभायचं हिला हे घर."

"तथास्तु."

अगदी कानाशी. बाईचा आवाज, वयस्कर, शांत. जशी एखादी काकू "हो गं" म्हणेल तसा.

आपल्याकडे म्हणतात ना, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते... मी झटकन वळून बाहेर पाहिलं. किचनमध्ये कोणी नाही. गुरुजींचा आवाज आला असेल, असं स्वतःला समजावत गॅरेजच्या दाराशी गेले. आयपॅडवर गुरुजी तोंड उघडं ठेवून फ्रीझ झालेले, आणि माझा नवरा निखिल वायफायशी झगडत होता. "पाच मिनिटं झाली, अडकलेत," तो म्हणाला. मागून केतकी जिना उतरत आली. "द्रोण सापडले का?" तिने विचारलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसावर असलेल्या माणसाला साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. नाही मिळाली. परत जायचं ठरलं. मीच केलं हे, माझ्या जिभेने केलं. आणि तरी — मेली मी — मनाचा एक कोपरा म्हणत होता, आता घर विकायला निघणार.

सामान बांधायला दुपारी गेले होते, तेव्हा तिनेच विषय काढला. "मृणाल, घर तुम्ही घ्या ना. परक्याला देण्यापेक्षा तू राहिलीस तर मला बरं वाटेल."

समोर तीच खिडकी. हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. ऑफरपासून पँट्रीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

केतकीने हातातली पॅकिंग टेप खाली ठेवली. मग हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं वेडे, ते तुला नव्हतं, मला होतं!"

"म्हणजे?"

"मी वर देवघरात होते, तुपाची वाटी आणायला. आई पडल्यापासून सांगलीत एकटी आहे ना गं... घर झालं, आता आपण कायमचे अडकलो, असं वाटत होतं मला. ह्याला कुठल्या तोंडाने सांगणार? देवासमोर म्हटलं, काहीही कर, पण मला आईकडे जाऊ दे. तर कानाशी कोणीतरी तथास्तु म्हणालं. म्हातारी बाई. वाटी तिथेच टाकून पळाले खाली."

एक वरच्या मजल्यावर, एक खाली पँट्रीत. एकाच वेळी, दोघींच्याही कानाशी.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पहिलं काय वाटलं, सांगू? वास्तूनेसुद्धा हिचंच ऐकलं!

जायच्या आधी पँट्रीत शिरले, दार लावलं, तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. टेस्टरची खोड. काहीही झालं नाही.

घर आम्ही घेतलं नाही. "एवढी मागे लागली होतीस, मग झालं काय?" निखिल अजून विचारतो. तो आवाज कोणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. केतकी सांगलीहून फोटो पाठवते, आईच्या केसांना तेल लावतानाचे. ते बघून पुन्हा पोटात दुखतं. माझीही आई नागपुरात एकटीच आहे. पण त्या पँट्रीत उभं राहून मला ते मागायचं सुचलंच नाही.