पहिलं बरं की दुसरं?

माझे मामा चष्मे करतात. दुकान इतकं अरुंद की दोन जाडे गिऱ्हाईक एकदम आले तर एकाला काउंटरवर बसवावं लागेल. मागे पडदा, पडद्यामागे उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता. माणूस खुर्चीत बसला की मामा त्याच्या नाकावर एक लोखंडी सांगाडा चढवतात, त्यात काचा घालत-काढत राहतात आणि दर वेळी एकच प्रश्न विचारतात. "पहिलं बरं की दुसरं?"

यात मामांची एक खोड आहे. मध्येच ते एक काच काढतात, कोटाच्या टोकाने पुसतात आणि तीच परत घालतात. "आता?" निम्मी माणसं म्हणतात, "वा! हे एकदम स्वच्छ." मामा कागदाच्या कोपऱ्यात पेनाने एक टिंब देतात. टिंब म्हणजे हा माणूस समोरच्याचं मन राखायला बोलतो, याच्या शब्दावर चष्मा करू नये, परत तपासावा.

हे सगळं सांगायचं कारण, मामा माणसांना गाणीही अशीच लावून देतात.

गाणी म्हणजे आपली नव्हेत. सायकेडेलिक रॉक. वीज पाजलेली गिटार, जी कधी हंबरते, कधी उलटी वाजते, आणि एकदा सुटली की पंचवीस मिनिटं कुणाला आवरत नाही. मामांना हे वेड तरुणपणी लागलं. एक हॉटेल बंद पडलं, तिथल्या सामानात पेटीभर गाण्यांच्या तबकड्या निघाल्या आणि मामांनी त्या सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणल्या. मामी म्हणते, "लोक हॉटेल बुडालं की खुर्च्या आणतात."

तबकड्यांवरची नावं परकी, मामांना उच्चारायचा कंटाळा, म्हणून त्यांनी स्वतःच नावं ठेवली आहेत. एकीवर चार दाढीवाले बसलेत, ती 'चार भाऊ'. एकीचं वेष्टन नुसतं निळंशार, ती 'धूर'. आणि एकीला वेष्टनच नव्हतं, मधला कागद कुठल्या तरी अगम्य लिपीत. तिच्यावर मामांनी आपल्या दुकानाचा गोल स्टिकर चिकटवला आणि नाव लिहिलं 'विहीर'. कारण त्यात गाणाऱ्या बाप्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "माणूस गात नाही रे, भूगर्भ बोलतोय," असं मामा म्हणायचे.

घरात कुणी नवखा आला की मामा दुकानाचं पॅड काढणार. त्यावर 'उजवा डोळा, डावा डोळा' असे रकाने छापलेले. मामा 'डोळा' खोडून 'कान' करणार आणि लिहून देणार: पहिला आठवडा 'चार भाऊ', एक बाजू, दुपारच्या जेवणानंतर. दुसरा आठवडा 'धूर', डोळे मिटून. तिसऱ्याला 'विहीर'. "विहिरीत एकदम उडी मारायची नाही. पायरी पायरीने." मग माणसाला खुर्चीत बसवून 'चार भाऊ'चा एक तुकडा ऐकवणार, ॲम्प्लिफायरची दोन बटणं उगाच फिरवल्यासारखी करणार आणि तोच तुकडा परत लावणार. "आता? पहिलं बरं की दुसरं?"

मी म्हणालो होतो, "आता गिटार कशी मोकळी झाली!" माझ्या कागदाच्या कोपऱ्यात टिंब पडलं. पुढे "डोळे मिटल्यावर काय दिसलं?" या प्रश्नाला मी "जांभळं काहीतरी" असं उत्तर दिलं, तेव्हा दुसरं. मामीच्या कागदावर मात्र एकही टिंब नाही. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पहिलंही वाईट, दुसरंही."

मामांच्या या पंथात खराखुरा चेला एकच. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. दर रविवारी दुपारी दोघं बसायचे, एक बाजू ऐकायची आणि मग तासभर त्यावर बोलायचं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर दवाखाना विकून मुलीकडे दूर देशी गेले. तेव्हापासून मामांचे रविवार ओस पडले. एकदा मला म्हणाले, "ऐकायला काय, एकट्यालाही येतं. पण बाजू संपल्यावर सुई वर उचलायची आणि भिंतीकडे बघत बसायचं, हे काही खरं नाही." म्हणून ते भेटेल त्याला कानांचा नंबर काढून देत होते. गॅसवाला सुटला नाही, विमा एजंट सुटला नाही. एजंटाने तर तिन्ही रविवार ऐकलं, चौथ्या रविवारी मामांना पॉलिसी विकली आणि परत फिरकला नाही.

अशात माझ्या मामेबहिणीचं, म्हणजे ताईचं लग्न झालं आणि मामांना व्याही मिळाले.

हे व्याही जळालेल्या मोटरींत नव्या तारा भरून देतात. पंखे, पंप, मिक्सर. बोटांना वार्निशचा वास आणि बोलण्यात काटकसर. मोटर नीट चालते का हे बघायला ते स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. बस्स. मग "बेअरिंग" किंवा "पट्टा" असा एक शब्द बोलतात आणि तो शब्द कधी चुकत नाही. लग्नाच्या बोलणीत त्यांनी एकूण तीन वाक्यं उच्चारली, त्यातलं एक "पंखा डुगडुगतोय" हे होतं.

मामांचे डोळे चमकले. असा माणूस कान उसना घेऊन ऐकत नाही, स्वतःच्या कानाने ऐकतो. पहिल्याच भेटीत पॅड बाहेर आलं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मुलगी दिलीय त्यांच्या घरात. जरा दम धरा."

मामांनी दम धरला नाही. 'चार भाऊ' झाले, 'धूर' झाला. व्याही दर रविवारी वेळेवर यायचे, मांडीवर हात ठेवून ऐकायचे आणि बाजू संपल्यावर म्हणायचे, "हं." मामा त्या 'हं'चा आठवडाभर अर्थ लावायचे. "परवाचा 'हं' जरा लांब होता, नाही?" मला विचारायचे. बटणांची परीक्षा मात्र मामांनी त्यांची घेतली नव्हती. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नको. टिंब द्यावं लागलं तर काय करू?"

तिसऱ्या आठवड्याला 'विहीर'. मीही मुद्दाम गेलो होतो. मामांनी तबकडी दोन्ही तळव्यांत अशी धरली की जणू पाळण्यातून काढली. सुई टेकली. ढोल ओल्या गादीवर बडवल्यासारखे वाजू लागले, गिटार जांभई देत उठली आणि विहिरीतला बाप्या गाऊ लागला. मामांनी डोळे मिटले.

व्याही उठले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, रेकॉर्ड प्लेयरच्या लाकडाला टेकवला आणि मूठ कानाला लावली.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"चाल मंद आहे."

"मंदच आहे ती. तीच तर गंमत."

"नाही. मोटर अडकल्यावर असा आवाज येतो." त्यांनी तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर फेरे मोजले. "तेहतीस. मोटर बरोबर आहे."

"मग?"

"मोटर बरोबर आहे. माणसं हळू आहेत."

मी हसलो. मामा हसले नाहीत. व्याह्यांनी सुई उचलली, तबकडी थांबवली आणि नखाने मधला स्टिकर हळूच सोलला. खालच्या अगम्य लिपीत दोन आकडे मात्र कुणालाही वाचता येतील असे होते. पंचेचाळीस.

आता छोट्या तबकड्या मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या चालीवर आणि मोठ्या तेहतीसवर, हे मामांना ठाऊक होतं. एखादी मोठी तबकडीही पंचेचाळीसची निघू शकते, हे ठाऊक नव्हतं. जिथे ते लिहिलं होतं तिथे दुकानाचा स्टिकर. त्यावर छापलेलं, 'येथे स्पष्ट दिसेल'.

व्याह्यांनी खटका दुसऱ्या बाजूला सारला आणि सुई ठेवली. ढोल टणाटण उड्या मारू लागले. गिटार धावत आली. आणि एक बाई गाऊ लागली.

छान, तरतरीत आवाजाची बाई.

मामी दारात येऊन उभी राहिली. "ही कोण?" म्हणाली. "ही बरी आहे की!"

सत्तावीस वर्षं. या सत्तावीस वर्षांत मामांनी त्या बाप्यावर किती जणांना व्याख्यानं दिली असतील! संध्याकाळी त्यांनी परदेशातल्या डॉक्टरांना फोन लावला. सगळी हकीकत सांगितली. मग डॉक्टर म्हणाले, "बाई? मग माझी आई गेली तेव्हा मी ज्याचं ऐकून रडलो, तो कोण होता?" मामांनी फोन मामीकडे दिला. डॉक्टरांचं काही नाही, त्यांचे कान जन्मभर ड्रिलच्या शेजारी राहिले होते. पण मामांना स्वतःला माफ करायला तेवढंही निमित्त नव्हतं.

पुढच्या रविवारी मामांनी व्याह्यांना निरोप पाठवला, तब्येत बरी नाही. त्याच्या पुढच्याही. तबकड्या पेटीत गेल्या, पेटी माळ्यावर. हे एक वेळ चाललं असतं. पण दुकानात ते कुणाचेही डोळे तपासेनात. "डोळ्यांच्या डॉक्टरकडून नंबर आणा," असं सांगू लागले. मामी मला म्हणाली, "चिडले असते तर परवडलं असतं. परवा विचारत होते, मी लोकांना भलत्या काचा तर नसतील दिल्या?"

त्या गुरुवारी माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली होती म्हणून मी दुकानात बसलो होतो. व्याही आत आले.

"जवळचं दिसत नाही," म्हणाले. "तारा बारीक असतात."

"डॉक्टरांकडून नंबर…" मामांनी सुरुवात केली.

"डॉक्टर माझा व्याही नाही," व्याही म्हणाले आणि पडद्यामागे जाऊन खुर्चीत बसले.

आता मामा काय करणार! सांगाडा चढवला. काचा घातल्या, काढल्या. हात सवयीने चालू लागला. पहिलं बरं की दुसरं? दुसरं. पहिलं बरं की दुसरं? पहिलं. आणि सवयीच्याच ओघात मामांनी एक काच काढली, पुसली आणि तीच परत घातली. घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थबकले. पण प्रश्न तोंडातून सुटला होता.

"आता?"

मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. चारशे टिंबं तरी मी या प्रश्नावर पडताना पाहिली असतील.

"काच तीच आहे," व्याही म्हणाले. "पुसलीत नुसती."

मामांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी गिऱ्हाइकाची नव्हे, स्वतःची खुर्ची ओढली आणि समोर बसले. "एक विचारू? मन राखू नका. आमची ती विहीर… पहिली बरी की दुसरी?"

व्याह्यांनी सांगाडा नाकावरून उतरवला. हा माणूस किती वेळ विचार करतो म्हणून मी घड्याळ बघितलं. पाऊण मिनिट.

"बाई चांगली गाते," ते म्हणाले. "बरोबर तीच आहे. पण पंखे भरताना मला तो आठवतो. बाप्या."

"तेहतीसचा?"

"हं."

हा 'हं' लांब होता. त्याचा अर्थ लावायची गरज नव्हती.

"मग या रविवारी?" मामा म्हणाले.

"मी यायचं थांबवलं नव्हतं," व्याही म्हणाले. "तब्येत तुमची बरी नव्हती."

मामांनी पॅड ओढलं. 'डोळा' खोडून 'कान' केलं. उजवा कान, तेहतीस. डावा कान, पंचेचाळीस. खाली लिहिलं, आधी बाप्या, मग बाई, चहा मध्ये. कागद फाडून व्याह्यांच्या हातात दिला. मी मान लांब करून बघितलं. कोपरा कोरा होता.

तारांसाठी लागणारा चष्मा मात्र मामा त्या आनंदात करायचे विसरले. व्याही पायरी उतरले, परत चढले आणि म्हणाले, "डोळ्याचं राहिलं."

ते गेल्यावर मामांनी मला माळ्यावरची पेटी काढायला घरी पिटाळलं. जाता जाता मी म्हणालो, "मामा, खरं सांगू? मला तर दोन्ही विहिरी सारख्याच आवडल्या."

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.