नाकवाल्या बाई

मसाल्याच्या कारखान्यात सगळे त्यांना ‘नाकवाल्या बाई’ म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा मानच जास्त होता. बावीस वर्षं आलेला माल हुंगून पास-नापास ठरवायचं काम त्यांचं. पोतं वरून कितीही खडखडीत दिसो, तळाशी बुरशी धरली असली की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी बघून व्यापारी मुकाट्यानं पोतं परत गाडीत चढवत.

दीड महिन्यापूर्वी बाई आठवडाभर तापानं पडल्या होत्या. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईलही परत, नाहीही येणार." बाईंनी हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. कामावर गेल्या, नेहमीसारख्या पोत्यावर वाकल्या, आणि रंग बघून, काडी मोडून, शेजारी काम करणाऱ्या बाईच्या चेहऱ्याचा अंदाज घेऊन ‘पास’ म्हणू लागल्या.

एका रविवारी दुपारी त्यांची मैत्रीण आली. शिवणकाम करणारी, शाळेपासूनची, तोंडाची फटकळ. बाईंकडे ओव्हन होता आणि मैत्रिणीला दालचिनीच्या कुकीज करून बघायच्या होत्या. दोघींनी बटर-साखर फेटली, मैदा चाळून घातला, छोटे गोळे दालचिनी-साखरेत घोळवले. "काय घमघमाट सुटलाय गं!" मैत्रीण म्हणाली. "हो ना," बाई म्हणाल्या.

ट्रे आत गेला. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून मैत्रीण गॅलरीत गेली. "कडा लाल झाल्या की काढ," जाता जाता तिनं बजावलं. बाई ओव्हनकडे पाठ करून भांडी विसळत राहिल्या.

मैत्रीण धावत आली तेव्हा ओव्हनमधून धूर निघत होता. "अगं, गॅलरीत जळका वास आला मला! आणि तू इथे उभी?"

"नळ चालू होता, लक्षच नव्हतं."

"वास घ्यायला लक्ष लागतं होय?" मैत्रिणीनं बाईंकडे नीट बघितलं. मग ओट्यावरची एक वाटी उचलली. "डोळे मीट. सांग, कशाचा वास?"

बाईंनी लांब श्वास घेतला. "दालचिनी."

"वाटी रिकामी आहे."

बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. मैत्रीण जवळ बसली, पण समजूत काढली नाही. "किती माल पास केलास असा?"

"अकरा खेपा."

"लोकांच्या पोटात जायचं ते. उद्या साहेबांना सांग."

"तुला काय जातंय बोलायला! मला दुसरं येतं काय?" बाई ओरडल्या. मैत्रीण उरलेल्या पिठाचे गोळे वळत बसली. दुसरा ट्रे चांगला झाला. बाईंनी एक कुकी खाल्ली. नुसती गोड लागली.

सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी एका दमात कबुली दिली. साहेबांनी गोदामातली अकराही खेपांची पोती उघडायला लावली. एक खेप कुबट निघाली. त्यातली चार पोती दळून बाजारात गेली होती, ती पाकिटं परत मागवावी लागली. कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही, पण बाईंना बरेच दिवस झोप लागली नाही.

त्यांना लेबलं चिकटवायच्या खात्यात पाठवलं. तिथल्या बायका जपून बोलतात, टोपणनाव कुणी घेत नाही. नवरा मात्र आठवडाभर फुगून होता, "मला का नाही सांगितलंस?" म्हणून. त्याला काय सांगायचं ते बाईंना अजून सुचलेलं नाही. डॉक्टरांनी रोज लवंग आणि लिंबाची साल हुंगायला सांगितली आहे. त्या सकाळी कामाला निघण्याआधी हुंगतात. एकदा लिंबाचं काहीतरी जाणवल्यासारखं वाटलं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. खात्री नव्हती.