शिट्टी आणि गाठोडं

माझी धाकटी बहीण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बायकांची प्रमुख होती. परवा साहेबाने तिला त्या पदावरून काढून एका शिट्टीवाल्याला प्रमुख केलं. तिचा गुन्हा काय? रक्ताने माखलेल्या चादरींचं गाठोडं रोज आधी ती स्वतः सोडायची, मग बाकीच्या बायका हात लावायच्या. साहेब म्हणे, "प्रमुखच घाणीत हात घालायला लागली तर धाक कुणाला वाटणार?" अरे, धाकाने कधी डाग निघालेत का?

गाठोडी गाडीतून मीच उतरवतो. काल शिट्टीवाला खिशात हात घालून ओरडला, "चला, उचला!" एक बाई हलेल तर शपथ. तेवढ्यात आमची बया पुढे!

"अगं, आता तरी हात लावू नकोस!" मी ओरडलो.

"दादा, पेशंट उघड्या गादीवर झोपलेत. त्यांनी काय केलंय?"

तिने गाठ सोडली, तशा सगळ्याजणी वाकल्या. शिट्टीवाला छाती फुगवून म्हणतो, "बघा, ऐकतात की नाही माझं!"

माझं डोकंच फिरलं. त्याच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि साहेबाच्या टेबलावर आदळली. म्हटलं, "उद्या माझ्या बहिणीला सुट्टी. तुम्ही दोघं ही फुंकत बसा, बघू कोण वाकतं ते!"