फाटकावरची झडती

तंबाखूच्या वखारीतून सुटताना फाटकावर झडती घेणाऱ्या मुकादमानं माझ्या बायकोच्या पोटावर हात दाबला. तिला आठवा महिना होता.

"आत पोर हाय का आमची तंबाखू गं?"

गादीवरचे शेठ हसले. मागे रांगेत उभे असलेले आम्ही गडी हसलो. मीही हसलो.

तिनं पदर सारखा केला आणि बाहेर पडली. माझं ते हसू मला अजून ऐकू येतं. जेवताना, चालताना, कुणाशी बोलता बोलता. मी मध्येच गप्प होतो. लोकांना वाटतं, स्वभावच आहे.

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा बाळंतपणाची नर्सबाई आली होती. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. जात कुणी नव्हतं. तिथं लुगडं सोडायला लावतात, पोट चाचपतात, असं बायका म्हणायच्या. रोज संध्याकाळी फाटकावर चाचपल्या जाणाऱ्या बायका. त्यांना नर्सबाईचा हात वेगळा का वाटावा?

तिचे पाय सुजले. तोंड सुजलं. मी म्हणालो, "दवाखान्यात जाऊ."

"तिथंबी चाचपणार. आनि तुमी हसणार."

आम्ही गेलो नाही. चार दिवसांनी भरदुपारी तिला झटके आले. सुईण घाबरून मागे सरली. पोर रडलं नाही. पाठोपाठ तीही गेली. शेवटची आंघोळ घातली तरी तिच्या केसांना तंबाखूचा वास येत होता.

वर्ष गेलं. धाकटा भाऊ बेळगावला पलटणीत होता. त्याची बायको माझ्याबरोबर वखारीत यायची. तिलाही दिवस गेले होते. फाटकावर मुकादम तिच्याकडे वळला. मी रांग सोडून मध्ये उभा राहिलो.

"तिला हात लावायचा न्हाय."

"काम नको झालंय व्हय रं?"

"हात लावायचा न्हाय म्हणतोय."

दोघांचंही काम गेलं. दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. दारात ती थांबली.

"अण्णा, आत काय करत्यात?"

"मला ठाव न्हाय. नर्सबाईलाच इचार. पटलं न्हाय तर न्हाय म्हण."

ती आत गेली. तिची पोरगी आता रांगते.

बाकीच्या बायका अजून त्या रांगेत आहेत. वखार सुटायच्या वेळेला मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो. एकदा शेठच्या माणसांनी मला मारलं. पुन्हा मारतील. बाईला न विचारता तिच्या अंगावर येणारा हात मी धरणार. शेठचा असला तरी धरणार.