चौथी दांडी

माझ्या धाकट्या मामाइतका कानांनी जगलेला माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात झाला नसेल. डोळे त्याला केवळ वाटेत ठेच लागू नये म्हणून मिळाले होते. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की मामा अंथरुणातूनच सांगे, "भोंपू आज चारशे हर्ट्झच्या खाली उतरलो. रबर बदललेलो दिसता." मामीचा आवाज चढला की म्हणे, "तीन हजारावर मातसो कमी कर गो, थंय टोचता." मामी म्हणे, "जेवाण कमी करतंय, मगे कळतलां!"

लाटंबार्शाला काजूच्या बिया साठवायच्या खोलीत तो भजने, आरत्या ध्वनिमुद्रित करी. भिंतींना गोणपाट, कौलांतून उतरलेले दुपारचे ऊन, बियांचा गोडसर उग्र वास आणि टेपची संथ फिरणारी चाके. तिथे बसले की आपण पाण्याखाली आहोत असे वाटे. समोर पाच दांड्यांचा इक्वलायझर: पहिली दांडी मृदंगाच्या घुमण्याची, पाचवी टाळांच्या किणकिणीची, मधल्या तिघींत माणसाचा गळा; त्याची टोचरी धार चौथीत, तीन हजारावर. मामा दांड्या खाली ओढी. वर कधीच नेत नसे. "वाढवप हो हावरटपणा. नको तां काढा, उरता तां गोड." एका बुवांचे नाकातले सूर त्याने इतके काढले, की कॅसेट ऐकून बुवांनीच विचारले, "हो कोण गाता?"

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षी मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. त्या आनंदात मामाने आईची धालोगीते, पौषात बायका फेर धरून म्हणतात ती, मुद्रित करायची ठरवली. आई नको म्हणाली. बाबांनी सुर्ल्याच्या खाणीवर खनिज चाळणाऱ्या यंत्राच्या खडखडाटात वीस वर्षे काढली होती. आई गाऊ लागली की ते मानही वर करत नसत. त्यांना आवडत नाही, असे तिने मनाशी धरले होते; ती स्वतःपुरतेच गुणगुणे. मामाला वेगळाच संशय होता. "भावजींक ऐकू येता," तो मला म्हणाला, "पण अर्धां."

हट्टाने आईला गायला बसवून गाणी मुद्रित केल्यावर त्याने बाबांना समोर बसवून कॅसेट लावली. बाबा भिडेने म्हणाले, "बरां आसा." मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग, जन्मात पहिल्यांदा, त्याने चौथी दांडी वर सरकवली. आणखी वर. अगदी टोकाला. पत्र्यावर खिळा ओढावा तसे गाणे झाले. मामी उठून बाहेर गेली, आईने कान झाकले. बाबा मात्र पुढे वाकले.

"अगो, तुजो आवाज! माका वाटलां, तू गावंक सोडलंस."

"आणि माका वाटलां, तुमका आवडणा नाय."

मामाने टेपवरची धूळ पुसायला घेतली. धूळ नव्हतीच.

त्याने एक प्रत तशीच उतरवून दिली. बाबा ती रोज ऐकत. आम्ही अंगणात जाऊन बसायचो. आता आई-बाबा नाहीत, मामाही नाही; मीही साठीला आलो. परवा कपाट आवरताना ती कॅसेट सापडली, लावली. मुलगी धावत आली, "बाबा, किती कर्कश हे!"

मला आईचा आवाज अगदी गोड ऐकू येत होता.